घराण्याचा शजरा आणि संगणक

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. आज मी त्याच शिक्षणाच्या वाटेत आडव्या येणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे आपल्या घराण्याची नोंद. आपले दादा कोण, परदादा कोण, ते मूळ कोणत्या गावचे, आणि हे सर्व कशावरून म्हणायचे, या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी किती घरांत लिहून ठेवलेली आहेत, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

आपल्या समाजात बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. या सवलतीचा लाभ घेऊन इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जायचे, तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. भटक्या विमुक्तांसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. मुलगा हुशार असतो, गुणही चांगले मिळतात, आणि यादीत नाव लागल्यावर घरात कागदांची शोधाशोध सुरू होते. ज्या वडीलधाऱ्यांना सर्व ठाऊक होते ते तोवर अल्लाहला प्यारे झालेले असतात. तेव्हा ही तयारी बारावीच्या निकालानंतर करण्याची नाही, ती आठवी-नववीपासून करण्याची आहे. या कामात संगणकाची मदत कशी घेता येईल, ते मी थोडक्यात सांगतो.

वंशाची नोंद ठेवणे आपल्याला नवीन नाही. दर्गाहच्या खादिम घराण्यांत, सय्यदांच्या घरांत शजरा किंवा नसबनामा जपून ठेवलेला असतो. परंतु या जुन्या शजऱ्यांत बहुधा बापाखाली मुलगा आणि त्याखाली नातू एवढेच असते. आईचे नाव नसते, मुलींची नावे नसतात, साल नसते, आणि ही माहिती कुठून आली तेही लिहिलेले नसते. संगणकावर वंशावळ भरायला बसले की त्यातला कोरा फॉर्म आपल्याला तीन प्रश्न विचारतो. आई कोण? केव्हा? कशावरून? माझ्या मते या साधनाचा खरा उपयोग या तीन प्रश्नांत आहे. चित्र सुंदर निघते ही त्यानंतरची गोष्ट.

या कामासाठी अनेक प्रोग्राम आहेत. त्यांपैकी ग्रॅम्प्स नावाचा एक प्रोग्राम मी विशेष सुचवीन. इंग्रजी बोलीत आजोबांना लाडाने ज्या नावाने हाक मारतात, तेच हे नाव. २००१ साली सुरू झालेले हे काम जगभरचे स्वयंसेवक आजही चालवीत आहेत. तो पूर्णपणे मोफत आहे. एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो, आणि आपली माहिती आपल्याच संगणकात राहते. त्यात नावे देवनागरीत लिहिता येतात आणि उर्दूतही. प्रत्येक व्यक्तीचे एक पान, प्रत्येक कुटुंबाचे एक पान, प्रत्येक कागदाचे एक पान, आणि ही पाने एकमेकांना जोडायची, अशी त्याची रीत आहे. जोडणी झाली की खाली उतरत जाणारी वंशावळ किंवा पंख्यासारखे गोल चित्र तो स्वतः काढून देतो. कोणत्याही दोन व्यक्तींचे नाते काय, हेही सांगतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने पाहू. जुने कागद शोधताना आपली पहिली अडचण गावाच्या पत्त्याचीच असते. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु त्याच्याही आधी, वऱ्हाडात इंग्रजी अंमल असताना, बासिम नावाचा जिल्हा होता. त्यात बासिम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके होते. १९०५ साली तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, तर पुसद यवतमाळकडे. कारंजा त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यात मोडत असे. म्हणजे एकाच घराण्याचे कागद वाशिम, अकोला आणि यवतमाळ अशा तीन ठिकाणी असू शकतात. ग्रॅम्प्समध्ये एकच गाव कोणत्या सालापर्यंत कोणत्या जिल्ह्यात होते, हे तारखांसह लिहिता येते. असे एकदा लिहून ठेवले, की अमुक सालचा कागद कोणत्या कचेरीत मागायचा हे घरच्या मुलालाही समजते.

दुसरी अडचण सोयरिकीची. रिसोड-वाशिमकडच्या पुष्कळ घरांचे संबंध हिंगोलीकडे आहेत. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिकडचे सरकारी कागद उर्दूत आणि त्यांवर साल फसली, इकडचे मराठीत, कधी मोडीत, आणि साल इसवी. घरातला निकाहनामा उर्दूत आणि त्यावर हिजरी तारीख. त्यामुळे केवळ आकडा पाहून साल ठरवता येत नाही. उदाहरणार्थ, कागदावर १३४० असा आकडा आहे. तो हिजरी असेल तर इसवी १९२१-२२ होते, फसली असेल तर १९३०-३१. आणि कोणी हिजरी सालात सरळ ६२२ मिळवले, तर १९६२ येईल आणि चाळीस वर्षांची चूक होईल, कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. ग्रॅम्प्समध्ये हिजरी तारीख आहे तशी भरता येते आणि तिची इसवी तारीख प्रोग्राम काढून देतो. फसली सालाचा हिशोब मात्र आपणच करायचा. त्यात साधारण ५९० मिळवायचे आणि मूळ आकडा शेजारी जसाच्या तसा लिहून ठेवायचा.

तिसरी अडचण नावांची. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात महेबूब, सातबाऱ्यावर मेहबूब, कोतवाल बुकात नुसते मेबू, आणि पुढे ‘वल्द’ म्हणून बापाचे अर्धेच नाव. स्त्रियांच्या नावापुढे कुठे ‘जौजे’, कुठे ‘बेवा’. लग्नानंतर तर नावच बदलते. या साधनात एका व्यक्तीला कितीही पर्यायी नावे देता येतात आणि कोणते नाव कोणत्या कागदावर आहे हेही लिहिता येते. आपल्या मुलीला उद्या माहेरच्या आणि सासरच्या नावाचा मेळ दाखवावा लागला, तर ही नोंद तिच्या फार उपयोगी पडेल.

आता ‘कशावरून’ या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे जुन्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात पुष्कळदा ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले सापडते. त्यावरून धर्म कळतो, बिरादरी कळत नाही. अशा वेळी सख्ख्या आजोबांचा कागद अपुरा पडला, तरी त्यांच्या भावाच्या किंवा चुलत्याच्या कागदावर बिरादरी लिहिलेली असू शकते. परंतु तो कागद आपल्या उपयोगी केव्हा पडेल? तो मनुष्य आपल्या वडिलांकडील रक्ताचा नातेवाईक आहे हे कागदोपत्री जुळले तरच. म्हणून वंशावळीतील प्रत्येक दुव्याखाली त्याचा आधार लिहावा. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, दाखल-खारीज, फेरफार, खरेदीखत, निकाहनामा, जे असेल ते. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक आधार किती भरवशाचा आहे तेही नोंदवता येते आणि कागदाचा फोटो सोबत जोडता येतो. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदांना पडताळणीत अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आनंद विरुद्ध पडताळणी समिती या खटल्यात म्हटले आहे. ते जुने कागद शोधण्याची मेहनत वाया जात नाही, हे यावरून दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संगणकात भरलेली वंशावळ हा स्वतः पुरावा नाही. ती पुराव्यांची यादी आहे. समितीपुढे चालते ती कचेरीतून घेतलेली प्रमाणित नक्कल. तसेच जुन्या कागदात खाडाखोड करणे, सोयीचा पूर्वज जोडून घेणे, असले प्रकार गुन्हा तर आहेतच, पण त्यामुळे पुढच्या पिढीचेही प्रमाणपत्र धोक्यात येते. ज्या ठिकाणी आधार सापडत नाही तेथे जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा लाजिरवाणी नाही, आणि उद्या एखादा नातू ती भरून काढील.

आता पहिला प्रश्न, आई कोण. वारसाची नोंद करताना पुष्कळ घरांत मुलींची नावे गाळली जातात, ही गोष्ट आपण सर्वजण जाणतो. शरीयतेने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो भावाच्या निम्मा आहे, पण तो तिचा हक्क आहे, भावाची मेहेरबानी नव्हे. जिचे नावच शजऱ्यात नाही, तिचा हिस्सा कोण लक्षात ठेवणार? वाटणी न होता दोन-तीन पिढ्या गेल्या तर जो गुंतागुंतीचा हिशोब करावा लागतो, त्याला मुनासखा म्हणतात. त्यात कोण आधी वारले आणि कोण नंतर, यावर हिस्से बदलतात. बापाच्या आधी वारलेल्या मुलीला त्याच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. बापानंतर वारली असेल, तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. म्हणून नाव आणि मृत्यूची तारीख, दोन्ही लिहिणे आवश्यक आहे. फुफी, खाला, नानी यांची नावे ज्या वंशावळीत नाहीत ती अर्धीच आहे. सिला-रहमीची जी शिकवण आपण मुलांना देतो, ती पाळायची तर नाती आधी माहीत असली पाहिजेत.

इंटरनेटवर फॅमिलीसर्चसारखी मोफत स्थळेही आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, परंतु जपून. तेथे नाव जुळले की नाते जुळले, असे समजून परक्यांचे पूर्वज आपल्यात जोडले जाण्याचा धोका असतो. शेख आणि खान तर लाखो आहेत. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि मुलींचे फोटो उघड्यावर टाकू नयेत. ग्रॅम्प्समध्ये अशी माहिती खाजगी म्हणून खूण करून, प्रत देताना वगळता येते. माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम नावाची पद्धत १९८४ पासून रूढ आहे. त्या स्वरूपातील एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. कागदावर छापलेली प्रतही असावीच.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाचा भार मी मुख्यतः तुमच्यावर टाकणार आहे. येत्या सुट्टीत दादा-दादी, नाना-नानी यांच्यापाशी बसा. त्यांच्या परवानगीने त्यांचे बोलणे मोबाइलवर भरून घ्या. पहिल्याच दिवशी तारखा विचारू नका, कारण त्या त्यांना आठवणार नाहीत. लग्न कोणत्या दुष्काळाच्या आधी झाले, थोरला मुलगा चालायला लागला तेव्हा कुठे राहत होता, असे विचारा. मग पेटीतले कागद बाहेर काढून त्यांचे फोटो घ्या आणि मूळ कागद पुन्हा नीट ठेवा. तुमच्यापैकी अनेकांना उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येतात. ही साधी गोष्ट नाही. २०२३ साली मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधण्याचे काम न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीकडे आले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज सर्वांच्याच लक्षात आली. तुमच्या हातातली ही विद्या घरच्या पेटीपासून वापरायला सुरुवात करा.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, मूल असे प्रश्न विचारू लागले तर त्याला अभ्यास सोडून हे काय चालवले आहे, असे म्हणू नये. आणि संस्थेने आपल्या संगणक कक्षात आठवड्यातून एक तास या कामासाठी मोकळा ठेवला, तर ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांचीही सोय होईल. खर्च काही नाही, चिकाटी मात्र लागेल.