हे चित्र कोणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



यंदा अभ्यासवर्गाने चित्रांवर बोलायचे ठरवले. त्यासाठी आम्ही घरोघरी जाऊन विचारले, तुमचा आवडता चित्रकार कोण? "आम्हाला कुठलं चित्रातलं कळतं!" असे निम्म्या घरांत ऐकले, आणि त्याच घरांत भिंतीवर तीन-तीन तसबिरी! चित्र आवडते, रोज त्याच्यापुढे मेणबत्ती लावतो, पण ते काढले कोणी हे काही विचारत नाही. लालबाग म्हणजे हातावर पोट असणाऱ्यांची वस्ती. हाताच्या कामाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. मग चित्र काढणाऱ्या हाताचेच नाव का विसरावे?

आता बाबासाहेबांचा पुतळाच घ्या. उजवा हात पुढे, बोट उंचावलेले, डाव्या हातात संविधान. दिल्लीत संसदेच्या आवारातला हा पुतळा शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवला आणि २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे अनावरण केले. २०२४ साली तो त्याच आवारातल्या प्रेरणास्थळावर हलवला गेला. याच ठेवणीचे पुतळे आज गावोगावी दिसतात. पण अभ्यासवर्गात वाघांचे नाव विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. खुद्द बाबासाहेबांना चित्रकलेची ओढ होती. इथे जवळच पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत ज्यांनी इतकी वर्षे काढली, त्या माणसाने एवढ्या व्यापातून उतारवयात हातात ब्रश घेतला आणि शिकवणी लावून चित्रकला शिकली. बुद्धाचे डोळे मिटलेले नकोत, उघडे हवेत, असे त्यांचे म्हणणे असे, ही आठवण जुनी मंडळी सांगतात.

आमचे सर्वांत आवडते चित्र विचाराल तर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातले. भगवान बुद्ध कपिलवस्तूला परत आले आहेत, हातात भिक्षापात्र आहे, आणि समोर यशोधरा राहुलला पुढे करून उभी आहे. बुद्ध भला मोठा काढला आहे, मायलेक अगदी लहान. आमच्यातल्या एका ताईंनी म्हटले, "ती बाई काय मागते आहे, ते तिच्या मानेवरून कळतं." खरेच आहे. दोघे मान वर करून बघतात, आणि आपणही नकळत त्यांच्याच उंचीवरून बघू लागतो. पाचव्या शतकातले हे काम. भिंतीला मातीचा गिलावा, त्यात तूस आणि गवत, वर चुन्याचा पातळ हात. रंग म्हणाल तर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो दूरदेशाहून येई. काढणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही.

या चित्रांच्या नकला करायला आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी गेले होते. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ पर्यंत हे काम चालले. अंधाऱ्या लेण्यात बसून या पोरांनी रेषा न् रेषा उतरवली, नकला लंडनला गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी तिथल्या आगीत जळाल्या. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्स साहेबांचे राहिले.

आपल्या काळाकडे येऊ. डॉ. सुधीर पटवर्धन हे ठाण्याचे, व्यवसायाने एक्स-रेचे डॉक्टर. दवाखाना सांभाळून त्यांनी कामगार, लोकलचे प्रवासी, इराण्याकडे बसलेला माणूस असे सगळे रंगवले. 'लोअर परळ' हे त्यांचे २००१ सालचे चित्र. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव कसा बदलला हे आपण अंगावर सोसले, त्यांनी ते कॅनव्हासवर ठेवले. त्यांची माणसे कॅलेंडरातल्यासारखी गुळगुळीत नाहीत, दमलेली आहेत, म्हणून ती आपली वाटतात. २०१९ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे जहांगीर हॉलच्या इमारतीत, भरले होते. लालबागहून बसने जाण्यासारखे ठिकाण, पण आपल्यातले किती गेले?

नागपूरचे सवी सावरकर यांची गोष्ट वेगळी. गळ्यात मडके, कमरेला झाडू बांधलेला माणूस ते काळ्या जाड रेषांनी काढतात. "हे घरात लावण्यासारखं नाही," असे एक आजी म्हणाल्या. आजींचे बरोबर आहे. ते चित्र घरात लावायला काढलेलेच नाही. विक्रोळीत वाढलेले विक्रांत भिसे तरुण आहेत. चळवळ आणि मोर्चे हा त्यांचा विषय. मुलांनी त्यांची चित्रे जरूर पाहावीत.

आता जरा घरचे. परळला राजकमल कलामंदिर होते. तिथे जी. कांबळे सिनेमाची पोस्टरे रंगवत. 'मुघल-ए-आझम'ची पोस्टरेही त्यांच्याच हातची. हुसेनसुद्धा मुंबईत आधी सिनेमाचे बोर्डच रंगवायचे. आपल्या गल्लीतले बोर्ड पेंटरही त्याच जातकुळीचे. जयंतीचे देखावे, मंडळाचे फलक, दुकानाच्या पाट्या, सगळे हाताने. फ्लेक्स आला आणि त्यांचे डबे कोरडे पडले.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. दुरुस्तीच्या कामात मागच्या भिंतीवरचे रंगवलेले बुद्धांचे चित्र काढून तिथे फ्लेक्स लावायचा विचार आहे, असे कानावर आले. ओल आली आहे, पोपडे निघाले आहेत, हे आम्हालाही दिसते. फ्लेक्स स्वस्त पडतो हेही मान्य. पण तो दोन पावसाळ्यांत विटतो. त्यापेक्षा ओल बंद करून जाणत्या पेंटरकडून चित्र दुरुस्त करून घ्यावे. वर्गणीत आमच्या अभ्यासवर्गाचा वाटा राहील. चित्राच्या उजव्या कोपऱ्यातली सही मागच्या रंगकामात चुन्याखाली गेली आहे. ज्या ज्येष्ठांना त्या पेंटरचे नाव आठवत असेल, त्यांनी आज भोजनदानाआधी ते चिटणिसांकडे लिहून द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.