शिकवण्यातला आपला वाटा



 गायनशिक्षकांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मी एका जर्मन गायिकेविषयी बोलणार आहे. लोटे लेमान हे त्यांचं नाव. त्या ऑपेरातल्या सोप्रानो होत्या, म्हणजे स्त्रीच्या आवाजातल्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी गाणं शिकवलं. इतक्या लांबचं उदाहरण घेण्याचं कारण सांगतो. शिष्याला आपण नेमकं काय देऊ शकतो आणि काय आपल्या हातचं नाही, याविषयी आपण शिक्षक एकमेकांशी फारसं बोलत नाही. लेमानबाईंना हे शिकताना सोसावं लागलं, आणि शिकवताना त्यांनी ते विसरू दिलं नाही.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८८८ चा. बर्लिन आणि हॅम्बुर्गच्या वाटेवर पेर्लेबेर्ग नावाचं लहानसं गाव आहे, तिथला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्याकडे बालगंधर्व जन्मले. लेमान यांचे वडील नोकरदार. मुलीनं शिक्षिका व्हावं, महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन मिळावं, एवढीच त्यांची अपेक्षा. मुलगी गाणं शिकायला लागली आणि पुढे बर्लिनमध्ये एटेल्का गेर्स्टर यांच्या शाळेत दाखल झाली. गेर्स्टर या मूळच्या हंगेरीच्या. तानांसाठी आणि हलक्या, चपळ आवाजासाठी एके काळी युरोप-अमेरिकेत गाजलेल्या. त्यांच्या शाळेची एक ठरीव पद्धत होती आणि त्या पद्धतीनं मुली तयार होत होत्या. लेमान मात्र तयार होईनात. जितका रियाज वाढला तितका गळा आवळत गेला. शेवटी शाळेनं त्यांना काढून टाकलं. गाण्याची गुणवत्ता नाही, दुसरा काही व्यवसाय पाहावा, असा निरोप घरी आला.

गेर्स्टर यांची शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्या पद्धतीत जे आवाज बसत होते त्यांचं तिथं भलंच झालं असेल. पण एखादा आवाज आपल्या पद्धतीत बसत नाही आणि एखाद्याला आवाजच नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेनं पहिली पाहिली आणि दुसरी कळवून टाकली. आपल्या वर्गांतून मध्येच गळालेल्या मुलामुलींची नावं आठवून पाहा. त्यांतली किती खरोखर बेसूर होती आणि किती फक्त आपल्या पट्टीत, आपल्या घराण्याच्या आवाजाच्या लगावात मावली नाहीत? हा प्रश्न मला या सभागृहातल्या प्रत्येकाला विचारावासा वाटतो.

लेमान मग माटिल्डे मालिंगर यांच्याकडे गेल्या. मालिंगरबाईंनी १८६८ साली म्युनिकला वाग्नरच्या 'मायस्टरसिंगर'च्या पहिल्या प्रयोगात एवा रंगवली होती. म्हणजे नाटकात उभं राहून गाणाऱ्या त्या बाई होत्या. त्यांनी आधी घाबरलेला गळा सैल होऊ दिला, आणि मग भूमिका शिकवल्या. शिष्येत काय कमी आहे यापेक्षा ती कोणत्या कामाला योग्य आहे, हे त्यांनी पाहिलं.

पुढची चढण मी भराभर सांगतो, कारण ती कुठल्याही कोशात सापडेल. १९१० साली हॅम्बुर्गच्या ऑपेरात किरकोळ कामं, मोझार्टच्या 'जादूची बासरी'तल्या तीन मुलांपैकी एक, अशी सुरुवात. १९१२ साली तरुण वाद्यवृंद-संचालक ओटो क्लेम्पेरर यांनी 'लोहेनग्रीन'मधल्या एल्साची भूमिका त्यांच्याकडून बसवून घेतली आणि नाव झालं. १९१६ मध्ये व्हिएन्ना. तिथं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रिचर्ड स्ट्राउसच्या 'आरिआडने'च्या सुधारित आवृत्तीचा पहिला प्रयोग व्हायचा होता. एका तालमीला त्यातल्या एका भूमिकेच्या गायिका आल्या नाहीत. लेमान यांना उभं केलं, स्ट्राउसनी ऐकलं, आणि ती भूमिका त्यांच्याकडेच राहिली. नंतर १९१९ मध्ये 'सावली नसलेली स्त्री' आणि १९२४ मध्ये 'इंटरमेझो', या स्ट्राउसच्याच दोन ऑपेरांच्या पहिल्या प्रयोगांत त्या होत्या. लंडन, साल्झबुर्गला संचालक तोस्कानिनींच्या हाताखाली 'फिडेलिओ', आणि ११ जानेवारी १९३४ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये वाग्नरच्या 'वालक्यूरं'मधली झीग्लिंडं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे तिकडे वळतो. एवढ्या मोठ्या गायिकेचा दमसास कमी होता! हे मी शोधून काढलेलं नाही. त्या काळच्या समीक्षकांनी ते लिहिलं आहे आणि ध्वनिमुद्रिकांवर ते स्पष्ट ऐकू येतं. दुसरी गायिका जी ओळ एका श्वासात नेईल, तिथं लेमान मध्येच श्वास घेतात. परीक्षेला बसल्या असत्या तर आपण गुण कापले असते. पण श्वास कुठं घेतात हे नीट ऐका. बोलणारं माणूस मनात काही आलं म्हणून जिथं थबकेल, तिथं त्या थांबतात. उणीव होती तिथंच त्यांनी अर्थ ठेवला.

१९३३ साली व्हिएन्नात ध्वनिमुद्रित झालेल्या, स्ट्राउसच्या 'डेर रोझेनकाव्हालियर'मधला पहिला अंक मिळवून ऐका. या ऑपेरातल्या सोफी, ऑक्टाव्हियन आणि मार्शलिन या स्त्री-आवाजाच्या तिन्ही मोठ्या भूमिका लेमान यांनी वेगवेगळ्या काळी केल्या होत्या. मार्शलिन ही मोठ्या घरातली, वय सरू लागल्याची जाणीव झालेली बाई. कधी कधी रात्री उठून मी घरातली सगळी घड्याळं बंद करते, असं ती आपल्या तरुण प्रियकराला सांगते. तिथं स्ट्राउस वाद्यवृंद जवळजवळ गप्प करतो. हार्प आणि चेलेस्टा घड्याळाचे टोल देत राहतात. त्या टोलांवर लेमान यांचा आवाज बोलण्याच्या अगदी काठावर येतो. स्वर हलत नाही, पण त्यात गाण्याचा आविर्भाव उरत नाही. मग पुढच्या वाक्याला त्या आवाजात पुन्हा ऊब भरतात, कारण मार्शलिनला समोरच्या पोराला घाबरवायचं नाही. दोन ओळींत एवढं घडतं. हे शिकवता येतं का? मला वाटतं, दाखवता येतं. मिळवायचं मात्र ज्याचं त्यालाच.

त्यांच्या आयुष्यातल्या एका प्रकरणाबद्दल बोललं पाहिजे, कारण गुरूचं चरित्र सांगताना आपण सोयीचं तेवढंच सांगतो. १९३४ साली नाझी नेता हेर्मान गोरिंगनं बर्लिनमध्ये राहून फक्त जर्मनीत गाण्याचा प्रस्ताव दिला आणि आपण तो बाणेदारपणे धुडकावला, असं लेमान पुढे सांगत. इतिहासकार मायकेल केटर यांनी कागदपत्रं तपासून २००८ साली 'नेव्हर सँग फॉर हिटलर' हे त्यांचं चरित्र लिहिलं. त्यात दिसतं ते चित्र इतकं स्वच्छ नाही. करार त्यांनाही हवा होता, बोलणी चालली होती आणि ती फिसकटली. मला वाटतं, हे ठाऊक असूनही त्यांच्याकडून शिकता येतं, किंबहुना ठाऊक असलंच पाहिजे. त्यानंतर जर्मनीची दारं त्यांना बंद झाली हे खरं, आणि १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाही गेलं हेही खरं. पतीच्या पहिल्या, ज्यू पत्नीची मुलं घरात होती. त्यांच्या जिवाचा घोर होता. त्या मे महिन्यात लंडनला मार्शलिन गाता गाता पहिल्या अंकातच त्यांचा धीर सुटला आणि त्या रंगमंचावरून निघून गेल्या. प्रेक्षकांत बसलेल्या हिल्डे कोनेत्स्नी यांनी प्रयोग पुढे नेला. पतीला क्षय होता. १९३९ च्या जानेवारीत ते गेले. लेमान अमेरिकेत राहिल्या आणि १९४५ मध्ये तिथल्या नागरिक झाल्या.

ऑपेराचा रंगमंच मागं पडत गेला तशा त्या जर्मन कलागीतांकडे, शूबर्ट-शूमान-ब्राह्म्सच्या रचनांकडे अधिकाधिक वळल्या. 'विंटररायझं' आणि 'डिष्टरलीबं' या पुरुषाच्या तोंडच्या गीतमाला. बाईनं त्या का गाव्यात, असा आक्षेप आलाच. कल्पनाशक्ती असलेल्या गायकाला ते दुःख आपलंसं करण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. बालगंधर्वांसारख्या पुरुषांनी रंगवलेल्या स्त्रिया डोक्यावर घेतलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं पटवून द्यायला नको.

१६ फेब्रुवारी १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांची मैफल होती. मध्यंतरानंतर त्या पुढं आल्या आणि हा आपला इथला निरोप आहे, असं त्यांनी सांगितलं. श्रोत्यांतून 'नाही, नाही' असे आवाज उठले. मार्शलिन आरशात पाहते आणि वेळ झाली हे ओळखते, तसं मीही पाहिलं आहे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. शेवटी शूबर्टचं संगीतकलेचे आभार मानणारं छोटं गीत घेतलं. शेवटच्या शब्दांपाशी आवाज फुटेना. पियानोवर पाउल उलानोव्स्की होते. त्यांनी ते एकट्यानं पुरं केलं. या मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं आहे.

आणि इथून पुढची लेमान आपली, शिक्षकांची आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बाराजवळ १९४७ साली सुरू झालेल्या 'म्युझिक अकॅडमी ऑफ द वेस्ट'च्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि तिथं त्यांनी मास्टरक्लास चालवले. एक विद्यार्थी गातो, बाकीचे आणि बाहेरचे श्रोते बसून ऐकतात, शिक्षक सगळ्यांसमोर शिकवतो. या वर्गांची चित्रफीत उपलब्ध आहे. वरचे स्वर आता निघत नाहीत, म्हणून लेमान तेच गाणं एक सप्तक खाली, अर्ध्या आवाजात गुणगुणतात. पण चेहरा, खांदे, हात, डोळे सगळे गाण्यात असतात. विद्यार्थिनीचा सूर उत्तम लागलेला असतो आणि तरी सगळ्यांचं लक्ष या वृद्ध बाईंकडे जातं.

त्यांचा एक आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. पियानोचा पहिला स्वर वाजला की गाणं सुरू झालं, शेवटचा विरेपर्यंत ते संपलं नाही, आणि हा सगळा वेळ गायकानं गाण्यात असलं पाहिजे. शूमानची 'डिष्टरलीबं' घ्या. १८४० सालची, सोळा गीतांची. शेवटच्या गीतात शब्द संपतात आणि पियानो एकटाच बराच वेळ बोलत राहतो. तेव्हा गायकानं काय करायचं? लेमान यांच्या मते तेव्हाच त्याची खरी परीक्षा. पियानो जे म्हणतो आहे ते त्याच्या मनातलं आहे. तो तिथं नसेल तर ते नुसतं वादन होईल. आपल्या भावगीतांच्या कार्यक्रमांत मधलं म्युझिक सुरू झालं की गायक वहीचं पान उलटतो, पाणी पितो, माइक सारखा करतो. कडव्याच्या सुरुवातीला तो परत येतो, पण तोवर श्रोता निघून गेलेला असतो. तानपुऱ्यांच्या साथीनं ख्याल गाणाऱ्यांनाही, तबलजीला जागा दिल्यावर आपण कुठं असतो, हे तपासायला हरकत नाही.

१९४५ मध्ये त्यांनी 'मोअर दॅन सिंगिंग' हे पुस्तक लिहिलं. गीतांमागून गीतं घेऊन कुठं नजर कशी, कुठला शब्द कसा, इतकं बारीक त्यात सांगितलं आहे. आणि तेच पुस्तक अनुकरणाविरुद्धच्या इशाऱ्यानं उघडतं! विसंगती वाटेल, पण ती तशी नाही. मी या गाण्याशी कशी वागले ते दाखवते, तू तुझं वागणं शोध, असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे शिष्य हुबेहूब गुरूसारखा गायला की टाळी पडते. सुरुवातीला नक्कल लागतेच, हे मीही मानतो. पण वीस वर्षांनीही शिष्याच्या गळ्यातून गुरूचाच गळा ऐकू येत असेल तर शिकवण्यात काहीतरी राहून गेलं आहे, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

त्यांची सर्वांत गाजलेली शिष्या ग्रेस बम्ब्री. सेंट लुइसच्या या कृष्णवर्णीय मुलीनं किशोरवयात एका रेडिओ-स्पर्धेत बक्षीस म्हणून संगीतशाळेची शिष्यवृत्ती जिंकली होती. वर्ण पाहून शाळेनं तिला इतर मुलांबरोबर बसू द्यायला नकार दिला. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लेमान यांनी तिला ऐकलं आणि सांता बार्बाराला बोलावलं. तिथं त्यांनी काय केलं पाहा. आवाजाच्या तंत्राचं शिक्षण तिनं आर्मांड तोकात्यान या टेनरकडे घेतलं. लेमान यांनी स्वतःकडे अर्थ, भाषा आणि भूमिका एवढंच ठेवलं. ज्या बाईंचा स्वतःचा दमसास अपुरा होता, त्यांना दुसऱ्याला दमसास शिकवण्याचा हट्ट नव्हता. १९६१ च्या उन्हाळ्यात बायरॉइथच्या वाग्नर महोत्सवात 'टानहॉयझर'मध्ये व्हीनस म्हणून बम्ब्री उभ्या राहिल्या. वाग्नरच्या त्या देवळात कृष्णवर्णीय गायिका प्रथमच गात होती. आधी निषेधाची पत्रं आली होती, प्रयोगानंतर टाळ्या थांबेनात. लेमान सोप्रानो, बम्ब्री तेव्हा मेझो, म्हणजे खालच्या पट्टीच्या. दोघींचे आवाज मुळात वेगळे होते, आणि त्यामुळे नकलेचा मोह दोघींनाही नव्हता.

लेमान २६ ऑगस्ट १९७६ ला सांता बार्बारामध्ये वारल्या. त्यानंतर काही वर्षांनी बायरॉइथच्या, वाग्नरच्या चित्रित 'रिंग'मध्ये झीग्लिंडं गायली ती जनीन आल्टमायर, त्यांच्याच वर्गातली.

तोकात्यान आणि लेमान यांनी एक शिष्या वाटून घेतली, तसं आपल्याकडे घडणं अवघड आहे, याची मला कल्पना आहे. दुसऱ्याकडे पाठवलेला शिष्य परत येत नाही ही भीती खरी आहे, आणि शिकवणीवर ज्याचं घर चालतं त्याला ती शोभते. पण आवाजाचं शास्त्र ही वेगळी विद्या आहे, हे मराठीत प्रा. बी. आर. देवधरांनी 'आवाज साधना शास्त्र' लिहून कधीच मांडलं. त्यासाठी आपल्याला जर्मनीला जायची गरज नव्हती.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो. पुढच्या अधिवेशनात निबंधवाचनाचं एक सत्र कमी करून प्रत्यक्ष शिकवणीचं सत्र घ्यावं. शिक्षक एक, शिष्य दुसऱ्याचा, आणि समोर आपण सगळे. शिष्याचे मूळ गुरू पहिल्या रांगेत असावेत. पहिल्या सत्रात शिकवायला बसण्याची माझी तयारी आहे, आणि माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या कुणाच्याही हाती द्यायचीही. दुसरी सूचना, आवाज बसणं, गळ्यावर ताण येणं अशा तक्रारींसाठी घशाचे डॉक्टर आणि आवाजाचे तज्ज्ञ यांचं साहाय्य परिषदेनं प्रत्येक जिल्ह्यात मिळवून द्यावं. दोन्हींचा मसुदा मी सचिवांकडे दिला आहे. दुपारच्या खुल्या अधिवेशनात त्यावर चर्चा व्हावी, अशी विनंती करतो आणि थांबतो.