आकडी येण्याआधीच



बाळाच्या अंगावर फिकट पांढरा डाग दिसला की आपण काय म्हणतो? "जंत झालेत," "कॅल्शियम कमी आहे," नाहीतर दबक्या आवाजात, "कोड तर नव्हे?" एखादा डाग बहुतेक वेळा साधाच असतो. पण तान्ह्या बाळाच्या अंगावर असे तीन किंवा जास्त डाग असतील, तर डॉक्टरांना दाखवायचंच. का, ते सांगते.

ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा दुर्मीळ आजार आहे. साधारण ६,००० बाळांमागे एकाला होतो. जनुकातल्या दोषामुळे मेंदू, हृदय, मूत्रपिंड, त्वचा यांत गाठी होतात. त्या सहसा कॅन्सरच्या नसतात. हा टीबी नव्हे, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. तीनातल्या दोन बाळांच्या आईबापांना हा आजार नसतोच. दोष बाळातच नव्याने झालेला असतो. म्हणून "ग्रहण पाळलं नाहीस" असं सुनेला बोलू नका.

यातल्या बहुतेक मुलांना आकडी येते, पुष्कळांना पहिल्याच वर्षात. ती ओळखूही येत नाही. झोपेतून उठल्यावर बाळ मान खाली टाकतं, हात पसरतं, पाय पोटाशी घेतं. क्षणभर थांबून पुन्हा तसंच. आपल्याला वाटतं, दचकलं किंवा पोटात कळ आली. या आकड्या चालू राहिल्या तर बाळाची वाढ मागे पडते.

आता आशेची गोष्ट. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, आकडी येण्याआधीच बिघाड दाखवू शकतो. युरोपात अशा बाळांना आलेख बिघडताच, आकडीची वाट न बघता, व्हिगाबॅट्रिन हे औषध दिलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: आकडीचा धोका कमी झाला. अमेरिकेतल्या अभ्यासात मात्र दोन वर्षांच्या वयात बुद्धीच्या वाढीत फरक दिसला नाही. म्हणजे हा रामबाण नव्हे. औषधाने नजरेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते मेंदूविकार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचं, डोळे तपासत राहायचं आणि मनाने बंद करायचं नाही.

मग आपण काय करायचं? गरोदरपणाच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठ दिसली असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि बाळंतपणानंतर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पांढरे डाग आशाताईंना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेही पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतं. निदान झालं, तर पहिल्या वर्षी साधारण दर सहा आठवड्यांनी ईईजी करायचा असतो. बाळ हसतंखेळतं आहे म्हणून तारीख चुकवू नका.

आमच्या परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. कोकणातून, घाटावरून माणसं रात्रीच्या गाडीने इथे येतात. येताना सगळे जुने कागद आणा. आकडीची शंका आली, तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आकडी आलीच, तर बाळाला कुशीवर ठेवा. तोंडात पाणी, चमचा, बोट घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा. पहिलीच आकडी असेल, तर थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हे गटातल्या प्रत्येकीला सांगा, विशेषतः जिच्या घरी पाळणा हलतो आहे तिला.