रात्री ठाण्यात आलेली बाई

आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. अत्याचार झालेली बाई पोलीस ठाण्यात आली, तर तिला एकटीला परत जाऊ देऊ नका.

२०२२ चा जुलै-ऑगस्ट आठवा. गोंदिया जिल्ह्यात अत्याचार झालेली एक बाई लाखनीच्या ठाण्यात पोहोचली होती. ती तिथून तशीच बाहेर पडली. सोबत कुणी नव्हतं. त्यानंतर तिच्यावर पुन्हा अत्याचार झाला. कन्हाळमोहजवळ ती सापडली आणि आपल्या कारधा ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पुढे दोन पोलीस निलंबित झाले, महिला अधिकाऱ्याच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. झालं ते योग्यच झालं. पण ती ठाण्यात असतानाच कुणी तिच्याजवळ बसलं असतं तर?

आपण धानवाले लोक. रात्री बांधीचा धुरा फुटला तर काय करता? फावडं घेऊन धावता, माती टाकता, आधी पाणी अडवता. धुरा म्हशीनं तुडवला की उंदरांनी पोखरला, की कुणी मुद्दाम फोडला, ते सकाळी बघता. फुटलेल्या धुऱ्यावर उभं राहून कुणी बांधीलाच जाब विचारत नाही. ठाण्यात मात्र बाईलाच विचारतात. एवढ्या रात्री कुठं निघाली होतीस? ओरडली का नाहीस? त्याला आधीपासून ओळखत होतीस का? जा, नवऱ्याला घेऊन ये. इकडे पाणी वाहतच असतं. अंगावरचा पुरावा तासातासानं जातो, आरोपी गाव सोडतो, घरी समजूत घालणारे येऊन बसतात. चौकशी करा, जरूर करा, ते तुमचं कामच आहे. पण आधी धुरा बांधा.

हे दुखणं जुनं आहे आणि आपल्याच वैनगंगेकाठचं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात जबाबासाठी आणलेल्या आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघा पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये त्यांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. त्यावर वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कायदा आज बाईच्या बाजूनं पुष्कळ आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडो, ज्या ठाण्यात ती येईल तिथं नोंद झालीच पाहिजे. जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा. नोंद टाळणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते, ही तरतूद २०१३ पासून आहे. रात्रपाळीला एखादीच महिला शिपाई असते, तिलाच बंदोबस्तालाही धाडतात, हे मला कळतं. तरीही ठाणेदारसाहेब, त्या बाईला पाणी द्या, बसवा, लिहून घ्या, दवाखान्यात न्या. एकटीला जाऊ देऊ नका.



घरच्या मंडळींनो, तुम्हाला एवढंच सांगते. पोरीला लगेच आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदात गुंडाळून सोबत न्या. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर तक्रार लिहून पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. आणि नोंद झाली की एफआयआरची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.