पहिला पगार आणि पहिला हप्ता

आज मी कवितेविषयी बोलणार नाही. बोलणार आहे माझ्या भाचीच्या शिक्षणाविषयी, आणि त्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाविषयी. बारावीचा निकाल लागला की नर्सिंगला मुलगी पाठवू इच्छिणाऱ्या हजारो घरांत तोच प्रश्न उभा राहतो. आमच्या घरात तो 2019 साली उभा राहिला. त्यात माझी जी चूक झाली, तीही आज सांगणार आहे.

मी मिरजेचा. मिरज म्हटलं की लोकांना सतार आठवते, नाहीतर दवाखाना. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली इथं रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून गावोगावचे, कर्नाटकातलेही रुग्ण मिरजेची गाडी पकडत आले. माझा मेहुणा स्टेशनवर रिक्षा चालवतो. रुग्णाला दवाखान्यात पोचवायचं आणि रात्रपाळी संपलेल्या नर्सबाईंना घरी सोडायचं, यात त्याची पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे 'मुलीनं रात्री ड्युटी कशी करायची' हा अनेक घरांतला अडथळा आमच्याकडे आलाच नाही. उलट मेहुणाच म्हणाला, "त्या बायकांना मी रोज बघतो, भाईजान. थकलेल्या असतात, पण मान वर असते."

अडथळा होता पैशाचा.

नर्सिंगला जायच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली एएनएम, दोन वर्षांची. खेड्यातल्या उपकेंद्रात बाळाला लस टोचणाऱ्या, गरोदर बाईची तपासणी करणाऱ्या ताई बहुतेक याच वाटेनं आलेल्या असतात. दुसरी जीएनएम, तीन वर्षांची पदविका. तिला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के गुण हवेत. तिसरी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि महाराष्ट्रात ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. भाचीची बारावी विज्ञानाची होती, गुण बरे होते, पण सरकारी महाविद्यालयात जागा मिळावी इतके नव्हते. म्हणजे निवड उरली दोनच गोष्टींत: परगावच्या खासगी महाविद्यालयात बीएस्सी, की गावातच राहून जीएनएम.

मी लगेच म्हणालो, "पदवीच घ्यायची." मी स्वतः बीए. आमच्या मोहल्ल्यात त्या काळी पदवीधर मोजकेच होते, त्यामुळे 'पदवी' या शब्दाचा मला जरा जास्तच लळा. त्या पदवीनं मला नोकरी कारकुनाची दिली, हे मात्र मी त्या दिवशी सोयीस्कर विसरलो. बहीण गप्प होती. मेहुणा म्हणाला, "कर्ज काढावं लागेल. आणि कर्ज म्हणजे ब्याज. ब्याज का मामला है, भाईजान."

हा प्रश्न अनेक मुस्लिम घरांत येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये, असं मला वाटतं. व्याज देणं-घेणं आमच्या धर्मात निषिद्ध मानलेलं आहे. शिक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल तर काय करावं, याबद्दल जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत. मी काही मौलवी नाही, निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण मी मेहुण्याला एवढं विचारलं, "थोरलीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे घेतलेस, तेव्हा व्याज किती होतं?" तो काही बोलला नाही. मला आजही वाटतं, तो प्रश्न खरा होता, पण तो चारचौघांत विचारायला नको होता.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कर्ज काढू. पण जेवढ्याशिवाय चालणारच नाही, तेवढंच." त्याच्या त्या वाक्यात सगळ्या प्रश्नाचं उत्तर होतं. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही.

कारण मी एक एजंट गाठला होता. आमच्याकडे कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर. दर जून महिन्यात असे लोक येतात. हातात रंगीत माहितीपत्रक, तोंडात 'शंभर टक्के नोकरी', आणि 'आज सीट बुक केली नाही तर उद्या मिळणार नाही' हे पालुपद. मी त्याला दहा हजार रुपये दिले, वर भाचीची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिकाही दिली. संध्याकाळी भाचीनं विचारलं, "मामू, या कॉलेजचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का?" मी बघितलंच नव्हतं. तिनं मोबाइलवर बघितलं. नाव नव्हतं. गुणपत्रिका सोडवून आणायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. दहा हजार गेले ते गेलेच. चार ओळींची कविता दहा वेळा तपासून बघणारा मी, मुलीच्या आयुष्याचा कागद एकदाही तपासला नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही. भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्यानं स्थापन झाली, राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. संस्थेला मान्यता आहे का, किती जागांना आहे, हे आधी पाहावं. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलेल्या मुलीची नोंदणीच अडते, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदाही झाला आहे. त्यामुळे यादी ठेवणाऱ्या कार्यालयाचं नाव बदलू शकेल. यादी बघण्याची सवय बदलू नये. आणि मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवू नयेत.

मग भाचीनं एक काम केलं. दवाखान्याच्या फुकट मिळालेल्या कॅलेंडरच्या पाठीमागे तिनं दोन रकाने पाडले. एकीकडे खासगी बीएस्सी: फी, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं धरून वर्षाला दीड लाख, चार वर्षांत सहा लाख. दुसरीकडे घरून जाऊन-येऊन जीएनएम: सगळं धरून वर्षाला साठ हजार, तीन वर्षांत एक लाख ऐंशी हजार. हे आकडे आमच्यापुरते. प्रत्येकानं आपले मांडावेत.

पुढचा हिशेब मात्र सगळ्यांनी ऐकण्यासारखा आहे. शिक्षण चालू असताना आणि संपल्यावर साधारण एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. लोक समजतात, तेवढा काळ कर्ज झोपलेलं असतं. ते झोपलेलं नसतं. व्याज पहिल्या रुपयापासून चढत असतं. सोयीसाठी दर 10 टक्के धरा, तोही साध्या व्याजानं. दरवर्षी दीड लाख घेतले तर पाच वर्षांनी, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या आधीच, दोन लाख दहा हजार रुपये व्याज झालेलं असतं. मुद्दल धरून आठ लाख दहा हजार. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 10,700 रुपये. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे 8,700, पण मग एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या पुढे जातो. लहान हप्ता स्वस्त दिसतो, तो महाग असतो.

जीएनएमच्या रकान्यात चार वर्षांनी व्याज 54 हजार, एकूण दोन लाख चौतीस हजार. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला पाच हजारांच्या आत.

आता तिसरा रकाना, पगाराचा. भाची आणि तिची आई गावातल्या तीन खासगी दवाखान्यांत जाऊन विचारून आल्या. नव्या मुलीला पंधरा हजारांच्या आसपास, असं उत्तर आलं, आणि पदवी-पदविकेत सुरुवातीला हजार-दोन हजारांचाच फरक. वास्तविक 2016 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीनं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना 20 हजारांपेक्षा कमी वेतन नसावं, अशी शिफारस केली होती. पण शिफारशीतून हप्ता भरता येत नाही. पंधरा हजारांतून दहा हजार सातशे गेले तर मुलीच्या हातात राहतं काय? आणि हप्ता चुकला तर नोंद एकट्या मुलीच्या नावावर होत नाही. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बापाच्याही नावावर होते.

कॅलेंडर माझ्यासमोर ठेवून भाची म्हणाली, "मामू, पदवी मला पण हवी. पण आधी पगार, मग पदवी. असं चालत नाही का?"

चालतं. हीच गोष्ट अनेक पालकांना माहीत नसते. जीएनएम करून नोंदणी झाली की पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. दिल्लीच्या 'एम्स'सारख्या संस्थांच्या भरती परीक्षेलाही, पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव असेल तर जीएनएम झालेली मुलगी बसू शकते. एएनएम झालेल्या मुलीलाही पुढे जीएनएमचा दरवाजा उघडा असतो. वाट लांब होते, हे खरं. पदवी असेल तर पुढे एमएस्सी, अध्यापन, बढती हे लवकर गाठता येतं. म्हणून सरकारी महाविद्यालयात बीएस्सीला जागा मिळत असेल तर दुसरा विचारच करू नये. आजच्या मुलींसाठी आणखी एक बदल झालाय. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, संस्थेच्या कोट्यातून नव्हे. आमच्या पिंजारी, तांबोळी, अशा कितीतरी मुस्लिम जमाती इतर मागास वर्गात आहेत, पण ऐन वेळी दाखला हातात नसतो. दाखल्याची तयारी दहावीलाच सुरू करावी. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च मात्र या माफीनंतरही उरतोच, हे हिशेबात धरावं.

भाचीनं जीएनएमला प्रवेश घेतला. बँकेच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण किंवा बाहेरचा जामीनदार लागत नाही, पालकाची सही पुरते. मेहुण्यानं वर्षाला वीस हजार भिशीतून आणि रिक्षातून घालायचे ठरवलं आणि कर्ज एक लाख वीस हजारांवर आणलं. केंद्राची व्याज अनुदान योजना 2009 पासून आहे, वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. अटीत बसत असेल तर सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. पण उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यावा लागतो, आणि बँकेत आपण होऊन विचारावं लागतं. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. तिथेही शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

पुढच्याच वर्षी कोरोना आला. रिक्षा कित्येक महिने दारात उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची फी त्या कर्जातूनच गेली. ते कर्ज नसतं तर शिक्षण तिथंच थांबलं असतं. म्हणून मी 'कर्ज काढूच नका' असं म्हणत नाही. अंगाच्या मापानं घेतलेलं कर्ज मुलीला पार नेतं.

ती पास झाली, नोंदणी झाली, मिरजेतच एका दवाखान्यात लागली. पहिला पगार आला तेव्हा तिनं साडेतीन हजार रुपये वेगळ्या पाकिटात घातले. हप्ता सुरू व्हायला अजून बरेच महिने होते. मी विचारलं, "आत्तापासून कशाला?" ती म्हणाली, "सवय लागू दे, मामू." हप्ते सुरू झाल्यापासून एकही चुकलेला नाही. मेहुणा दर महिन्याला विचारतो, "भरला का?" त्यात धाक नाही. 'जेवलीस का' असं विचारावं, तसा तो विचारतो.

आता ती पोस्ट बेसिकचे अर्ज बघते आहे. या वेळी फीचा निम्मा भाग तिच्या स्वतःच्या बचतीतून जाईल. मागच्या आठवड्यात तिनं पुन्हा एका कॅलेंडरची पाठ माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तपासून द्या, मामू."

या वेळी मी चश्मा लावून, बोट ठेवून, एकेक आकडा तपासला. बेरीज बरोबर होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)