तिघांनी मिळून सोडवायचे कोडे

उड्या मारत, चढत-उतरत, वाटेतली कोडी सोडवत पुढे जाण्याच्या व्हिडिओ गेममध्ये एक निराळा प्रकार आहे. त्यात खेळणाऱ्याच्या हाती एक नव्हे, दोन-तीन पात्रे असतात. प्रत्येकाला एक-दोन गोष्टी चांगल्या येतात आणि बाकीच्या मुळीच येत नाहीत. एक बटण दाबले की ताबा या पात्राकडून त्या पात्राकडे जातो. कोणापुढे कोण जाईल, कोण मागे थांबेल आणि कोणाचे काम कोणामुळे सोपे होईल, हे ठरवणे हाच खरा खेळ.

या विचाराचे मूळ संगणकाहून फार जुने आहे. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचे कोडे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या घातले जाते. होडीत नावाड्याबरोबर एकच मावते. नावाडी नसला की वाघ शेळीला खाणार, शेळी गवत खाणार. युरोपात हेच कोडे लांडगा, बकरी आणि कोबी यांचे आहे. सुमारे 1200 वर्षांपूर्वीच्या, अल्क्विन या विद्वानाच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात ते आढळते. सोडवणाऱ्याची अडचण एकाच ठिकाणी होते. पलीकडे नेलेली शेळी मधल्या खेपेला परत आणावी लागते. पुढे जाण्यासाठी एक पाऊल मागे यावे लागते, ही खूण पात्रे बदलण्याच्या खेळांत पुढे सतत दिसते.

1987 साली इंग्लंडमध्ये जॉन रिटमन आणि बर्नी ड्रमंड यांनी ‘हेड ओव्हर हील्स’ हा गेम केला. त्यात दोन पात्रे सुरुवातीला एकमेकांपासून तुटलेली असतात. हेड उंच उडतो आणि हवेत तरंगत पुढे सरकतो. हील्स भरभर धावतो आणि वस्तू उचलून नेतो. दोघे भेटले, एकावर एक चढले, की दोघांचे गुण एकत्र येतात. मात्र काही वाटा अशा आहेत, की तिथे त्यांना पुन्हा वेगळे व्हावे लागते.

या प्रकाराला ठसठशीत रूप आले ते 1993 च्या ‘द लॉस्ट व्हायकिंग्ज’मध्ये. तो करणारी अमेरिकेतली सिलिकॉन अँड सिनॅप्स ही कंपनी पुढे ब्लिझार्ड या नावाने जगभर गाजली. ‘लेमिंग्ज’ या गेमवरून सुचलेल्या या खेळात आधी पुष्कळ व्हायकिंग होते. कमी करत करत तीन उरले. एरिक वेगाने धावतो, उडी मारतो आणि डोक्याने काही भिंती फोडतो. बेलिऑग तलवार चालवतो आणि लांबच्या कळीवर बाण मारतो. ओलाफ जाडजूड आहे. तो ढालीने मारा अडवतो, ढाल डोक्यावर धरून हळूहळू खाली तरंगतो. उडी मात्र त्या तिघांत एकट्या एरिकलाच येते.

या तिघांचे काम कसे जुळते, ते एका साध्या प्रसंगातून कळते. समोर बंद दार आहे, दार उघडणारी कळ उंच कठड्यावर आहे आणि कठड्याच्या वाटेत आग ओकणारा शत्रू उभा आहे. पहिल्यांदा ओलाफ पुढे जाऊन ढालीने आग अडवतो. त्याच्या मागे राहून बेलिऑग शत्रूला बाण मारतो. वाट मोकळी झाली की ओलाफ ढाल डोक्यावर घेतो, एरिक त्या ढालीवर चढतो आणि तिथून उडी मारून कठडा गाठतो. कळ दाबली, दार उघडले, तरी टप्पा संपत नाही. तिघेही शेवटपर्यंत पोहोचले पाहिजेत. एक जरी मेला तरी टप्पा पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो.

या नियमातच खेळाची सारी ताकद आहे. ताबा एकाकडे असताना बाकीचे दोघे जागीच उभे राहतात, पण शत्रू काही थांबत नाहीत. म्हणून पात्र कुठे उभे करून सोडायचे, हाही कोड्याचाच भाग होतो. चांगला रचनाकार आधी एकेका पात्राचा गुण सोप्या जागी शिकवतो, मग दोन गुण जोडायला लावतो आणि शेवटी त्या पात्रांना अशा वेगवेगळ्या जागी अडकवतो, की एकमेकांना सोडवावेच लागते. एका पात्राला सगळेच येऊ लागले, तर बाकीचे दोघे नुसते ओझे ठरतात. म्हणून प्रत्येकाची उणीव जपावी लागते.

2009 मध्ये फिनलंडच्या फ्रोझनबाइट कंपनीने ‘ट्राइन’मध्ये वेगळी वाट धरली. एकटा खेळणारा जादूगार, चोर आणि सरदार या तिघांपैकी एकालाच पडद्यावर पाहतो. जादूगार पेट्या आणि फळ्या निर्माण करतो, चोर दोरीच्या आकड्याने झोके घेते, सरदार लढतो. इथे मागे राहिलेल्यांना आणायची खेप नाही. कोणते रूप कधी घ्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. 2012 च्या माइक बिथेल यांच्या ‘थॉमस वॉज अलोन’मध्ये तर पात्रे म्हणजे साधे रंगीत चौकोन आणि आयत आहेत. एक बुटका अरुंद फटीतून जातो, एक उंच आयत खूप वर उडी मारतो, क्लेअर पाण्यावर तरंगते आणि इतरांना पाठीवर घेऊन पलीकडे नेते. प्रत्येकाच्या आकाराची चौकट शेवटी ठेवलेली असते. सगळ्या चौकटी भरल्या, की टप्पा पूर्ण.

महाराष्ट्रातही गेम तयार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ जगापुढे आणला. त्याची नायिका मात्र एकटीच आहे. पात्रे बदलण्याचा प्रकार मराठी मातीतल्या कामांना अधिक शोभेल. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत तोडणारा झाडावर असतो, प्रतवारी करणारा ढिगाशी असतो आणि माल भरणारा गाडीशी. एकाचे काम दुसऱ्याला तितक्याच सफाईने जमत नाही आणि तिघांपैकी एक नसला तरी माल बाजारात पोहोचत नाही.

असा खेळ रचायला सुरुवातीला संगणकही लागत नाही. चौकटीच्या वहीचे एक पान, तीन रंगांच्या तीन सोंगट्या आणि प्रत्येकीसाठी एक येणारी व एक न येणारी गोष्ट एवढे पुरे. भिंती, खड्डे, दार आणि कळ काढायची, मग तिघी बाहेर पडेपर्यंत चाली मोजायच्या. एखादी सोंगटी न वापरताही वाट सुटत असेल, तर रचना चुकली असे समजून पान पुन्हा आखायचे. शाळेतल्या मुलांना क्रमाने विचार करायची आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहायची सवय लावणारा इतका स्वस्त सराव क्वचितच सापडेल.