माशाचे वडे आणि तांदळाचे सत्त्व

भंडारा जिल्ह्याची ख्याती तांदळाची आणि तलावांची. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांतून ढीवर लोक आजही मासे धरतात. रोहू, कतला, मृगळ हे मासे चवीला उत्तम. परंतु त्यांच्या मांसात बारीक काटे विखुरलेले असतात, आणि त्या धास्तीने पुष्कळ शहरी घरांत त्यांना प्रवेश मिळत नाही. काटे वेगळे करून मांसाचे वडे केले, तर ही अडचण दूर होते आणि मासे धरणाऱ्यालाही चार पैसे अधिक मिळू शकतात. मात्र वडा कढईत फुटता कामा नये आणि तोंडात पिठूळ लागता कामा नये.

कच्च्या मांसात स्वतःची चिकटी असते. थंड खिम्यात मीठ घालून तो मळला की त्यातील प्रथिने सुटी होतात व आचेवर त्यांचे जाळे बनते. जपानी लोकांचा कामाबोको याच गुणावर उभा आहे. आपल्या घरी मात्र काटे काढण्यासाठी मासा आधी उकडतात. तेव्हाच प्रथिने आळून बसतात आणि चिकटी खर्ची पडते. मग बटाटा किंवा पीठ घातल्यावाचून वडा मिळून येत नाही. यात सुगरणीचा दोष नाही.

पिठाचे हे सामर्थ्य त्यातील सत्त्वाचे असते. कुरडईसाठी गव्हाचा चीक शिजवताना पांढरे पाणी एकाएकी घट्ट व पारदर्शक होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. वड्यातही तेच घडते. सत्त्वाचे कण साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियस उष्णतेत पाणी पिऊन फुगतात, प्रथिनांच्या जाळ्यातील पोकळ्या भरतात आणि रस बाहेर जाऊ देत नाहीत. बटाट्याचे कण मोठे. त्यांनी वडा लवचिक व तुकतुकीत होतो. तांदळाचे कण अतिशय बारीक. त्यांनी तो मऊ होतो.

शिळा भात जसा टणक होतो, तसा गार ठेवलेला वडाही कडक होऊन पाणी सोडतो. चिकट जातीच्या तांदळाच्या सत्त्वात हा दोष पुष्कळ कमी. साधे तांदळाचे पीठ बाहेरून लावण्यास मात्र फार चांगले. त्याचे कवच कुरकुरीत होते आणि तेलही कमी पिते.

प्रमाणाचा प्रश्न सर्वांत नाजूक. कच्च्या खिम्याच्या शंभर भागांस पाच ते दहा भाग सत्त्व पुरेसे होते. याहून फार वाढविले, तर माशाची चव लोपते आणि वडा चामट किंवा पिठूळ होतो. पीठ माशाहून स्वस्त असल्यामुळे विकणाऱ्याला हा मोह पडतो, आणि तळणीच्या खमंग वासात तो खपूनही जातो. बंद पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. तेथे माशाच्या आधी पिठाचे नाव आले असेल, तर तो माशाचा वडा नव्हे, माशाच्या वासाचा पिठाचा वडा होय.